ओढ्याच्या मध्यावर

मेख्टिल्ड : आता का थांबलास, उट्झ? घाल की गाड्या ओढ्यात!

उट्झ : आमच्या सरदाराची हद्द इथं संपली, बाई. पुढची राखण पलीकडच्या सरदाराची. त्याची माणसं आली की मी मोकळा.

मेख्टिल्ड : ते काय, चौघं स्वार हात करतायत.

स्वार : ओ कापडवाल्या बाई! या लवकर! फ्रँकफुर्टची जत्रा तुमच्यासाठी थांबायची नाही!

उट्झ : फोल्कमार कुठाय? दर खेपेला तोच येतो.

स्वार : तापानं फणफणलाय!

उट्झ : बाई, हळू बोला. तो बसलाय तो घोडा फोल्कमारचा. सख्ख्या भावालासुद्धा त्यावर बसू देत नाही तो. आणि खोगीर बघा. रक्त आहे ते.

मेख्टिल्ड : देवा! हे लुटारू आहेत?

उट्झ : गाडीतच बसा. पोरांनो, धनुष्यं चढवा!

स्वार : ओळखलंस वाटतं! मग लपवायचं कशाला? ए, आणा रे त्याला पुढं. बाण सुटला की याचा गळा चिरला समज!

मेख्टिल्ड : फोल्कमार! जिवंत आहे तो!

फोल्कमार : बाई, मागं फिरा! माझं काही खरं नाही आता!

मेख्टिल्ड : गप्प बस तू! ए, काय हवंय तुला?

स्वार : पुढची गाडी. बैलांसकट!

उट्झ : बाई, त्यात सगळं किरमिजी कापड आहे. तुमचं दिवाळं निघेल. माल राखायची शपथ घेतलीय मी.

मेख्टिल्ड : माल माझा आहे. माझा नवरा याच वाटेवर वारला, तेव्हा या फोल्कमारनं त्याला पाठीवर घेऊन चर्चपर्यंत आणला. कुणी सांगितलं होतं त्याला? सोड गाडी.

उट्झ : अहो, पण...

मेख्टिल्ड : ओढ्याच्या मध्यावर सोड. आधी माणूस, मग कासरा. धनुष्यं खाली करू नका.

(गाडी ओढ्यात उतरते. थोड्या वेळानं उट्झ फोल्कमारला खांद्यावर घेऊन परत येतो. पलीकडं गाडी झाडीत दिसेनाशी होते.)

उट्झ : त्याच्या हाताखालची दोन्ही पोरं मेली, म्हणतोय.

मेख्टिल्ड : टेकव इथं. पाय जपून.

फोल्कमार : बाई... जत्रेत विकणार काय आता?

मेख्टिल्ड : मागच्या गाडीत करड्या लोकरी कापडाचा एक गठ्ठा उरलाय.

फोल्कमार : तेवढ्यानं काय होणार?

मेख्टिल्ड : उट्झ, फोड तो गठ्ठा. काकडतोय हा.