सत्कार रविवारी, मुलाखत सोमवारी

...नाही हो, चूक माझीच! मी घरात बोललेच कशाला? तुम्हाला सांगते, तलावातल्या प्लास्टिकवर पीएचडी, फेलोशिपसकट, अशी एकच जागा निघालेली. मला मुलाखतीला बोलावणं आलं. एचएसआर लेआउटमधल्या त्या ऑफिसात, इंजिनियर असून दिवसभर दुसऱ्यांच्या स्लाइडी रंगवते मी, त्यातून सुटायची हीच एक वाट. फेलोशिप नाही, तर नोकरी सोडता येत नाही. एवढं सगळं अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, नीट सांगितलं. अण्णांनी ऐकलं काय? 'पीएचडी'! संपलं! आता सांगा, तोंड लपवू तरी कुठं?

जे. पी. नगरातल्या आमच्या मराठी मंडळात कुणाचं काही झालं की शाल-श्रीफळ आलंच. आणि सेक्रेटरी कोण? अण्णाच! म्हटलं, "अहो अण्णा, सोमवारी मुलाखत आहे, अजून काही झालेलं नाही!" तर इथल्या कानडी ढंगात म्हणतात, "सरी, सरी, बरं, होतं गं ते. हॉल रविवारचाच मोकळा मिळालाय!"

गेले. स्टेजवर मागे ही मोठी अक्षरं, 'डॉ. अहल्या यांचे हार्दिक अभिनंदन', आणि कशाची? थर्माकोलची! प्लास्टिकवर संशोधन करणार ना मी! तोंड लपवू तरी कुठं? म्हटलं, जाऊ दे, घरचीच माणसं आहेत. तेवढ्यात माइकवर अण्णा, "आणि आपले प्रमुख पाहुणे..." आणि आत कोण येतंय? श्रीहर्ष सर! अहो, ज्यांच्या हाताखाली ती जागा, उद्या जे माझी मुलाखत घेणार, तेच! अण्णांनी परस्पर फोन केलेला, "सर, आमच्या लोकांना तलावांवर स्वल्प सांगा." बिचारे लॅपटॉप घेऊन आलेले हो! अण्णांनी त्यांना फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. सरांनी मान वळवून ती अक्षरं वाचली. एकदा वाचली, परत वाचली. मग माझ्याकडे वाकून हळूच, "अहल्या... इंटरव्ह्यू टुमारो, अल्वा?" मुलाखत उद्याच ना, असं!

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगू? मला अण्णांची लाज वाटली. त्या लाजेचीच मग जास्त लाज वाटली.

सोमवारी सर दारातच भेटले. "तुमच्या घरची शाल घेतली मी. आता या मुलाखतीत मी बसणं बरं नाही." गेले! आत उरले दोघे, दोघेही बांधकामवाले, ते नदीवरच्या पुलांचं विचारत बसले. आता तलावात पूल कुठून आणू मी? निकाल काय? वेटिंग लिस्ट!

घरी आले तर अण्णा ती अक्षरं एकेक करून पेपरात गुंडाळत होते. वर न बघताच म्हणाले, "माझ्यामुळं गेलं का गं?"

म्हटलं, "छे हो! वेटिंगला पहिलं नाव आहे. तो निवडलेला मुलगा परदेशी गेला, तर मलाच."

"पहिलं?" चेहरा असा फुलला की विचारू नका! लगेच चष्मा चढवला, फोन उचलला, थेट हॉलचं बुकिंग बघणाऱ्या बाईंना, "हां, पद्मावती अक्का, पुढच्या रविवारी हॉल मोकळा आहे का?"

मी म्हटलं, अण्णा, या वेळी अक्षरं पुठ्ठ्याची करा.