पावती क्रमांक ८७ चा चष्मा

दिनांक १८ फेब्रुवारी २०१४, पनवेल

मी, ताहिरा नझीर मुकादम, वय २६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार मोहल्ला, पनवेल, स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

मी एका सेवाभावी संस्थेच्या पनवेल कार्यालयात संगणकावर तक्ते करते. 'आर' नावाची संगणकाची भाषा आमच्याकडे मला एकटीला येते आणि त्याचा मला तोरा होता. काशिराम, वय ६८, राहणार बेलपाडा, यांनी चष्मे वाटणारे आमचे शिपाई जगन यांनी त्यांचा चष्मा विकला अशी तक्रार दिली आहे. जगन यांना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले आहे. जगन यांनी काहीही विकलेले नाही. चूक माझी आहे.

१९ जानेवारीला बेलपाड्यात आमचे नेत्रशिबिर झाले. २१३ जणांनी पावती घेतली. एका तक्त्यात पावती क्रमांक व नावे होती, दुसऱ्यात पावती क्रमांक व डॉक्टरांनी काढलेले चष्म्याचे नंबर. नावांच्या तक्त्याला नंबरचा रकाना जोडायचा होता. तो पावती क्रमांक जुळवून जोडतात. मी घाईत नुसता शेजारी चिकटवला. त्याआधी रिकाम्या ओळी गाळल्या, ती माझी सवय आहे. पावती ८७, गंगाबाई, यांच्यापुढे नंबर नव्हता, म्हणून ती ओळ गेली. नावे २१३, नंबर २१२. प्रोग्रामने रकाना जोडायला नकार दिला. मी त्याचे ऐकले नाही. शेवटचे नाव चुकून आले असेल असे समजून ते पुसले. ते काशिराम यांचे होते.

त्यामुळे ८७ पासून पुढे प्रत्येकाला, रांगेत आपल्या मागे उभ्या असलेल्याचा चष्मा मिळाला. चष्मे वाटल्यावर तीन आठवडे कोणी बोलले नाही. मी विचारले तेव्हा "धर्माची गाय आन् दात का गं नाय" असे उत्तर मिळाले. प्रितम नावाचे गृहस्थ तसा चष्मा लावून रिक्षा चालवत होते.

काल मी घरोघर जाऊन चष्मे बदलून दिले. काशिराम यांना त्यांचा मिळाला. फक्त गंगाबाईंकडचा राहिला. तो खरा ८८ चा, म्हणजे त्यांची सून मनिषा हिचा. डॉक्टरांच्या मूळ कागदावर ८७ पुढे "चष्म्याचा उपयोग नाही" असे लिहिलेले आहे. तो कागद मी काल पहिल्यांदा वाचला.

गंगाबाई चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मना आता दिसतंय. तुजी ओढनी लाल हाय ना?"

मी हो म्हणाले. मनिषाने मला बाजूला नेऊन, चष्मा सासूबाईंकडेच राहू दे, माझे चालते, असे सांगितले. तिचा नंबर मला माहीत आहे, तिचे चालत नाही. तिला दुसरा मी करून देते. इथे खोटे सांगता येत नाही म्हणून सांगते की ओढणी हिरवी होती.

जगन यांना घरी सोडावे. राहिलेला चष्मा आणायला हवालदार पाठवू नये.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितले तसाच लिहिलेला आहे. गंगाबाईंना तो वाचून दाखवू नये.