सबवूफर ठेवायचा का परत द्यायचा

तू विचारतो ना, चांगल्या स्पीकरसंगं सबवूफर पाहिजे का नाही? आमच्या घरी याच्यावरून रोज भांडण. बायको म्हणे, "एवढे भारी स्पीकर आणले, वरून अजून सबवूफरचा डब्बा काहून?" मी म्हटलं, माह्या दोस्ताचा, प्रशांतचा, आणून लावून तर पाहू, नाही जमला तर परत देऊ.

लावला. ढोलकीचा ठेका सुरू झाला आन् भिंतीवरचं कॅलेंडर हलाले लागलं. आई एरवी आवाज कमी कर म्हणून ओरडते, पण त्या दिवशी चूपचाप. पाहतो तं सबवूफरवर बसून तांदूळ निवडून राहिली!

म्हटलं, "आई, ऊठ वं, तो परत द्यायचा आहे."

"द्यायचा नाही. माही कंबर मोकळी होऊन राहिली. आवाज वाढव!"