ओठांत टाचण्या आणि कानाशी नात

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही गप्प का बसता?" अहो, शिंपी आहे मी! शिंप्याच्या तोंडात दिवसभर काय असतं? टाचण्या! ओठांत ओळीनं धरायच्या, एकेक काढायची, कापडाला लावायची, असा जन्म गेला माझा. तोंड उघडलं की टाचण्या खाली, आणि मग मी खाली, गुडघ्यांवर, शोधत! गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही हो, धंदा आहे!

पण डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार? झालं काय, की आमची नात दोन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलेना. बरं, समजायचं सगळं! "कात्री कुठाय?" म्हटलं की बोट कात्रीकडे. "आबांची चप्पल आण" म्हटलं की चप्पल हजर, तीही डावी आधी. बोलायचं नाव मात्र नाही. म्हणजे ऐकायचं सगळं आणि उत्तर द्यायचं नाही... अगदी बापावर गेलीय! पण सूनबाई घाबरली. ऑफिसातून आली की पोरीला मांडीवर घ्यायची आणि नुसती तिच्या ओठांकडे बघत बसायची. मला बघवायचं नाही, खरं सांगतो. पोरीला घेऊन गेलो डॉक्टरांकडे. बाईंनी कान तपासले, खेळवून बघितलं, आणि विचारलं, "दिवसभर ही कुणाजवळ असते?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चोर सापडल्यासारखं! "आजोबा, बोला हो तिच्याशी! जे कराल ते बोलून दाखवा! मूल ऐकतंय!"

मूल ऐकतंय! घ्या! झालो सुरू. दुकानात टेबलापलीकडे कठडा करून तिला बसवलेली, आणि इकडे माझी टकळी चालू. "आता आबा काय करतायत? आबा काकांचं माप घेतायत. काकांचं पोट कसं आहे? मोऽऽठ्ठं!" काका गेले उठून! टेप त्यांच्या कमरेभोवती, ती घेऊन गेले! सांगा आता, मी काय चुकीचं बोललो? पोट मोठ्ठंच होतं! मी मुलाला खोटं शिकवायचं?

बरं, बोलायचं तरी कसं? डॉक्टरीणबाई म्हणतात, सरळ भाषेत बोला. आमची ही आतून ओरडते, "अहो, भूभू म्हणा, तिला कुत्रा काय कळणार!" मुलगा म्हणतो, "बाबा, जरा हळू, तिला दडपण येईल." हळू बोललो की सूनबाई, "आबा, मोठ्यानं!" मशीनमध्ये दोरा गुंतला, म्हणून वैतागून एक शब्द गेला तोंडातून, एकच हो, तर घरातून तिघं एकदम, "मूल ऐकतंय!" म्हणजे बोललं तरी ऐकतंय, नाही बोललं तरी ऐकतंय! मी काय करू, मशीनमध्ये डोकं घालू?

त्यात विहीणबाई. रोज संध्याकाळी फोनवर. "आऽऽजी म्हण, बाळा, आऽऽजी!" म्हणजे पहिला मान त्यांना! आणि दिवसभर नाक कोण पुसतंय? मी! ते काही नाही, पहिला शब्द 'आबा'च यायला हवा, मी हट्टालाच पेटलो. दोन अक्षरं! कापड कापताना आबा, बटण लावताना आबा, इस्त्री फिरवताना आबा. ती बघायची, हसायची, कठड्यावर हात आपटायची. पण आबा? छे!

आणि मग परवा. आमचे वकीलसाहेब आले कोटासाठी. कोट झाला नव्हता. का झाला नव्हता? दिवसभर बोलत बसलो तर शिवणार कधी? माझ्या हातात त्याच कोटाचं अस्तर, तोंडात टाचण्या, सूनबाई नुकतीच ऑफिसातून येऊन दारात उभी. वकीलसाहेब म्हणाले, "काय मास्तर, झाला का?" मी टाचण्या सांभाळत ओठाचा एक कोपरा उघडतोय, तेवढ्यात कठड्यामागून आवाज आला. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले, फक्त कोपरा उघडा, मान खाली, नजर हातातल्या चिंधीवर...

"उद्या या!"

स्वच्छ! खणखणीत! सूनबाई किंचाळली, "अगंबाई, हिच्या तोंडात टाचणी!" धावली, तोंड उघडून बोट फिरवलं. काही नाही! पोरगी पुन्हा ओठ मिटून कोपऱ्यातून, "उद्या या!" मग कळलं सगळ्यांना, ही तर माझीच नक्कल! सूनबाई तिला छातीशी धरून रडायला लागली, रडता रडता हसायला लागली. माझेही डोळे भरले हो, तोंडात टाचण्या असल्यानं रडताही येईना! वकीलसाहेब म्हणतात, "कोर्टातसुद्धा इतकी स्पष्ट तारीख मिळत नाही!"

आता मला वाटलं, शाबासकी मिळेल. कसली शाबासकी! आमची ही म्हणते, "पोरीला पहिली थाप शिकवलीत!" विहीणबाई फोनवर, "माझ्याच बोलण्याचा गुण!" आणि डॉक्टरीणबाई खुशीत, "मुलं शब्द सुटा नाही उचलत आजोबा, अख्खा माणूस उचलतात. ती तुमच्यासारखं बोलतेय! आबा का नाही म्हणत? टाचण्या ओठांत धरून तुम्हीच म्हणून बघा."

बघितलं. सगळ्या खाली पडल्या.

म्हणजे इतके दिवस मी टाचण्या काढून बरळत होतो, ते सगळं वाया! तिनं ऐकलं काय, तर मी गप्प असताना जेवढं बोलत होतो तेवढंच! याला काय म्हणायचं? तरी काल रात्री जेवणानंतर तिला मांडीवर घेतलं, तोंड रिकामं, चष्मा काढून ठेवलेला, अगदी काकुळतीला येऊन म्हटलं, "राणी, एकदाच. फक्त आबा म्हण." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. माप घेतल्यासारखे माझ्या खांद्यांवरून हात फिरवले. ओठ मिटले, कोपरा उघडला... "उद्या या!"

आता काय करणार? गिऱ्हाइकं येतात की नाही माझ्याकडे परत परत? तसाच मीही तिच्याकडे... जाणार आहे उद्या.