हो म्हणायला काय जातं?

...नाही, पण मी म्हणतो, हो म्हणायला काय जातं माणसाचं? एक शब्द. त्याला ना टोल, ना जीएसटी. पण आमचा मनोज, माझा सख्खा भाचा, वडप्याला गोडाउनात सुपरवायझर, त्याच्या तोंडून तो वेळेवर निघाला नाही, आणि दिपाली गेली हो पडघ्याला.

सगळा दोष त्या सॉक्रेटिसचा. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये मेलेला माणूस, त्याचं भिवंडीत काय काम? पण मन्याने मोबाईलवर ऐकलं की हा म्हातारा बाजारात ज्याला त्याला धरून विचारायचा, न्याय म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय... झालं, ह्यानेही तेच धरलं. मॅनेजर बोलला, 'माल अर्जंट हाय', तर हा, 'सर, अर्जंट म्हणजे काय?' तिकडे ट्रकवाला बोंबलतोय, 'भाईसाब, पहले गेट खोलो, मतलब बाद में पूछना.'

पण तिथेच बिलिंगला बसणाऱ्या दिपालीला ते आवडायचं. डबा उघडून बोलायची, 'विचार, आज काय विचारतोस?' आणि दोघं जवळ्याची चटणी खात 'मैत्री म्हणजे काय' करत बसायची. तिच्याएवढं त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

बोलणी करायला आम्ही तिच्या घरी गेलो. तिचे वडील केसरीनाथशेठ, थोरली लेक सासरहून परत आलेली, घाबरलेला बाप तो. एकच विचारलं, 'माझे पोरीला सुखात ठेवशील ना?' आता मला सांगा, याला काय विचार करायचा असतो? मान हलवायची, पेढा घ्यायचा. मीही तेच केलं होतं, माझ्या बायकोला विचारा. हो म्हणायला काय जातं?

मन्या विचारात पडला. दाराआड दिपाली उभी. आणि हा हळूच म्हणतो, 'काका, सुख म्हणजे काय? ते कळल्याबिगर शब्द कसा देऊ?'

केसरीनाथशेठनी कप खाली ठेवला. 'आताच अंग काढून घेतोय, पुढं काय करंल?' मी ह्याच्या मांडीला चिमटे काढतोय, ह्याची आई म्हणतेय, 'हो बोल रं'... पण तुम्हाला सांगतो, टिंगल नव्हती ती. दिलेला शब्द पोराला खरंच पाळायचा होता. दिपालीने एकदा थोरल्या बहिणीकडे पाहिलं आणि आत निघून गेली. पुढे पडघ्याच्या प्रितेशने प्रश्न संपायच्या आत हो म्हटलं.

काल लग्न झालं. सॉक्रेटिसला लोकांनी विषाचा पेला दिला, सुटला बिचारा. आमच्या मन्याला पत्रिका दिली. आणि गेला की हा. पंगतीत बसला, पानातलं सगळं तसंच. नवरा-नवरी पंगतीतून फिरत त्याच्यापाशी आली. दिपाली थांबली.

'मनोज, पोटभर जेवलास ना?'

मला वाटलं, आता विचारणार हा, पोटभर म्हणजे काय? तिलाही वाटलं असावं, कारण ती जागची हलेना. शेजारी बसून मला रडू फुटलं.

मन्या तिच्याकडे बघून म्हणाला, 'हो.'

शिकला बघा एकदाचा.