आमसुलानं घासलेली कळशी

संगमेश्वरहून रत्नागिरीला निघालेल्या एसटीत गोदाला डुलकी लागली होती. मागच्या सीटवरच्या मायलेकींचं बोलणं तिच्या झोपेत हळूहळू झिरपत होतं.

"भाविका, तुझ्या लॅबमध्ये परत तसंच लाल होईल का गो?"

"बघू. आमचं एक हिरवं द्रावण असतं. ते पाण्यात मिसळत नाही, तळाशी बसतं. दोन्ही एकत्र घुसळायचं. पाण्यात धातू असला तर हिरवं तो ओढून घेतं आणि लाल होतं."

"किती धातू?"

"कणभरही पुरतो."

"आणि त्या कणापायी गावानं तुझ्या बाबांच्या विहिरीवर झाकण घातलंन!"

"आई, मागच्या वेळी पाणी कशातनं पाठवलं होतंस?"

"तांब्याच्या कळशीतनं. आमसुलानं घासून लख्ख केलेली. तुझ्या साहेबांपुढे काळं भांडं कसं ठेवायचं?"

"अगो, त्या आंबटानं कळशीचं तांबंच पाण्यात उतरलं असेल."

"म्हणजे विहीर चांगली?"

"आज कळेल. आज लॅबची बाटली आहे."

एसटी वळणावर कलली. बाटलीतलं पाणी डुचमळल्याचा आवाज गोदानं डोळे मिटूनच ऐकला.

"हिरवं राहिलं तर आधी सरपंचांना फोन करते."

"नको गो. आधी मला सांग. मी झाकण सारून विहिरीत वाकेन."

"कशाला?"

"खणताना तुझे बाबा तळातनं हाक मारायचे. नवी नवरी मी, चारचौघांत ओ द्यायला लाजायची. ते गेले, पण ती ओ द्यायची राहिलीय."