मार्कोव्दानला माझ्या घरी बँड अडकला त्याबाबत

सगळ्यात आधी आली ती ड्रम बडवणारी नेवेना, आणि ती काही जेवायला आली नव्हती, तिला संडासला जायचं होतं. एवढं सांगितलं तर ठाण्यातले साहेब म्हणाले, आजी, आधी नावगाव. तर नाव स्तामेंका येरेमिच, वय चौऱ्याहत्तर, धंदा घरकाम व कोंबड्या, शिक्षण दोन इयत्ता, राहणार ब्रेस्ताच, वरची आळी, शेवटचं घर, मागे नदी.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, माझ्याविरुद्ध कार्यक्रमवाले ओब्राद यांची तक्रार आहे. मी 'युझ्नी पेरोन' या बँडच्या चौघांना घरात डांबलं आणि त्यांचा कार्यक्रम बुडवला, असं ते म्हणतात.

त्या दिवशी मार्कोव्दान, आमच्या घराच्या संताचा दिवस. या दिवशी कुणाला आमंत्रण देत नाहीत आणि आलेल्याला परत लावत नाहीत. फाटक सकाळपासून उघडं. सार्मा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, मोठ्या पातेल्यात केला होता. गेल्या वर्षी किती माणसं आली ते इथं लिहायची गरज नाही. मुलगा स्टुटगार्टला असतो, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

नेवेना संडासातून आली आणि पेटलेली मेणबत्ती बघून म्हणाली, "अगं बाई, आजी, आज सण तुमच्याकडे?" मी गोड गव्हाचा चमचा तिच्या तोंडात दिला. मग ती गाडीतल्या तिघांना घेऊन आली. गाणारा वुकान मी ओळखला. तीन उन्हाळ्यांपूर्वी हीच पोरं अग्निशमनवाल्यांच्या जेवणावळीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाजवत होती. लोक कबाब खात होते, ऐकत कोण होतं! पुढे शहरातल्या मेळ्यात वीज गेली, तर हा नुसत्या गळ्यानं गायला. अर्ध्यावर थांबला आणि उरलेलं गाणं लोकांनी म्हटलं. तेव्हापासून जिथं जातील तिथं ही गर्दी. रेडिओवर ऐकलं तर तेवढं काही नाही. समोर उभा राहिला की मात्र ओठ आपोआप हलतात, माझेसुद्धा.

गव्हाचा घास घेतला की माणूस पाहुणा झाला. आणि आमच्या घरात सणाचा पाव कापल्याशिवाय पाहुणा उठत नाही, सासूबाईंपासून तसंच आहे. पाव कापायला फादर साव्वा यायचे होते. माझं घर त्यांच्या वाटेवर शेवटचं. मी "उठू नका" म्हणाले का? म्हणाले. पुष्कळदा म्हणाले.

तेवढ्यात आळीतल्या पोरींनी गाडी ओळखली, फोनाफोनी झाली. सगळा गाव वर आला, कार्यक्रमाची तिकिटं घेतलेले परगावचे लोकही आले. अंगण भरलं, आळी बेकरीपर्यंत भरली. सणाला फाटक लावायचं कसं? फादर साव्वा खाली बेकरीपाशी अडकले, तीर्थाचं भांडं डोक्यावर धरून. म्हणजे गर्दीमुळे फादर येईनात, फादर नाहीत म्हणून पाव कापता येईना, पाव कापला नाही म्हणून पोरं उठेनात, आणि पोरं आत आहेत म्हणून गर्दी हलेना.

ओब्राद कसेबसे शिरले. शर्टाची बाही फाटलेली. "उठा रे! हॉल उघडून ठेवलाय!"

नेवेना म्हणाली, "काका, जाऊ कुठून? तुमच्या डोक्यावरून?"

"आजीबाई, सोडा यांना."

"मी धरलंय का? आधी गहू खा," मी म्हणाले. त्यांनी खाल्ला. मग तेही पाहुणे.

वुकान खिडकीशी उभा होता. बाहेरून काचेवर हातच हात. त्यानं हळूच विचारलं, "आजी, मागून वाट आहे?"

"मागे नदी आहे, बाळा."

"इथून सुटलो तर गाडीत. गाडीतून स्टेजवर. तिथून परत गाडीत." एवढं बोलून त्यानं दुसऱ्यांदा सार्मा मागितला. तोंड पांढरं पडलं होतं, पण जेवला नीट.

मग तोच उठला. अंगणातल्या लाकडं फोडायच्या ओंडक्यावर चढला आणि ओरडला, "मी गाणं म्हणतो, पण फादरना वर येऊ द्या!" माईक नव्हता. अर्ध्यावर थांबला. उरलेलं आळीनं म्हटलं, आणि म्हणता म्हणता फादर साव्वांना हातोहात वर सरकवलं. फादरही म्हणत होते, मी पाहिलं.

पाव फिरवायला घरचा पुरुष लागतो. फादर, मी आणि वुकान, तिघांनी धरून फिरवला, कापला. त्यानंतर मी कुणालाही अडवलं नाही. मग पोरांनी अंगणातच सगळी गाणी म्हटली. हॉलमध्ये कोणी नव्हतं हे खरं, कारण सगळे माझ्याकडे होते. पातेलं रिकामं झालं. इतकी माणसं माझ्या घरात माझ्या लग्नालाही नव्हती.

फाटकाला कुलूप नाही, कडीही नाही, शिपाई पाठवून बघून घ्यावं.

वरील मजकूर मला मोठ्यानं वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे, सही करते. एक राहिलं. निघताना चौघं म्हणाले, पुढच्या मार्कोव्दानला सकाळीच येतो, पाव कापायच्या आधी. तो दिवस आठ मे. तो इथं लिहून ठेवावा आणि कोर्टाची तारीख त्या दिवशी लावू नये, मी घरी असेन.